तुमचा आक्षेप, तुमचा सूर आणि ज्येष्ठांचा तोल

नाचाने ज्येष्ठांचा तोल सावरतो आणि पडणं कमी होतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे, तरी कुठे शब्द वर-खाली झालाच तर सुरुवात कोणी केली ते आठवावं.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नाचाने ज्येष्ठांचं पडणं कमी होतं हे सिद्ध झालेलं नाही. नाचूनही पडण्यात घट न दिसलेली सिडनीची चाचणी मी दडवली. ३७ टक्क्यांचा आकडा अर्धवट दिला. औषधं, डोळे, रक्तदाब यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझा या विषयात अधिकार काय, असंही तुम्ही विचारलंत. आणि शेवटी हे वाक्य: ‘म्हाताऱ्यांना नाचवणं ही करमणूक आहे, तिला व्यायामाचं सोंग देऊ नका.’

आधी जे मान्य करायचं ते करून टाकते. २०२०च्या ज्या एकत्रित आढाव्यातून मी पडण्याची जोखीम ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचा आकडा घेतला, त्यातल्या २९ चाचण्यांमध्ये ताई चीच्याही होत्या, म्हणजे नाच नव्हे तर संथ हालचालींचा चिनी व्यायाम. ते लेखात यायला हवं होतं. झालं समाधान?

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. माझ्या नाचाच्या वर्गाला सत्तरी ओलांडलेली माणसं येतात. त्यांना कोणी नाचवत नाही, ती आपल्या पायांनी येतात आणि नाचतात. तुम्ही आयुष्यात एकदा तरी असा वर्ग कोपऱ्यात बसून पाहिला आहे का? पाहिला असता तर ‘करमणूक’ लिहिताना हात अडखळला असता.

माणूस पडतो कसा, हे कॅनडात दोन वृद्धनिवासांतल्या कॅमेऱ्यांत टिपलं गेलं आहे. २२७ वेळा पडण्याची चित्रणं तपासली आणि २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सगळ्यांत मोठं कारण ठेच लागणं नव्हतं, ते २१ टक्केच. ४१ टक्के वेळा माणूस पडला तो शरीराचा भार चुकीचा सरकल्यामुळे. म्हणजे वळताना, मागे सरताना, काही घ्यायला वाकताना भार एका पायावरून दुसऱ्यावर नीट गेला नाही आणि तोल सुटला.

आता नाचाचा वर्ग आठवा. म्हणजे, कल्पना करा. डावा पाय बाजूला, भार डाव्यावर, उजवा उचल, थांब. मागे दोन पावलं. अर्धी गिरकी, आणि ताल संपेल तिथेच उभं राहायचं. तासभर दुसरं काय चाललेलं असतं? भार सरकवणंच. सरळ रस्त्याने रोज फिरायला जाणारा माणूस बाजूला किंवा मागे पाऊल टाकतो किती वेळा? कंबरेच्या बाजूचे जे स्नायू एका पायावर उभं असताना आपल्याला तोलून धरतात, त्यांना सरळ चालण्यात एवढं काम पडत नाही.

दुसरी गोष्ट लक्षाची. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी एक साधं निरीक्षण मांडलं: चालता चालता कोणी बोलायला लागलं की जे वृद्ध थबकतात, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. दोन कामं एका वेळी जमेनाशी झाली की पाय आधी हरतात. नाचात पाऊल टाकायचं, पुढचं आठवायचं, ताल ऐकायचा, शेजारणीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि हे सगळं एकदम. जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या, पडण्याची जोखीम असलेल्या १३४ जणांवर असाच प्रयोग झाला. आठवड्यातून एक तास, सहा महिने, पियानोच्या तालाबरोबर चाल आणि हालचाली बदलायच्या. पडण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. तुम्ही म्हणाल, हे नृत्य नव्हे. मग काय आहे ते तुम्हीच सांगा.

अधिकाराबद्दल विचारलंत. मी डॉक्टर नाही, तसा दावाही केलेला नाही. उभं आयुष्य नाच शिकवण्यात गेलं. आई पडली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया नीट झाली आणि तरीही ती खुर्चीतून उठेना. हाड जुळलं होतं, भीती गेली नव्हती. भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने पाय बारीक होतात आणि मग तो खरोखरच पडतो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम ती टाळायची. गाणं लावून, माझे दोन्ही हात धरून डावीकडे-उजवीकडे झुलणं मात्र तिने कधी टाळलं नाही. आधी हात, मग बोटं, मग नुसती खुर्चीची पाठ. शेवटपर्यंत ती पुन्हा पडली नाही. एका माणसाचा दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्ही लिहिणारच. लिहा.

सिडनी. वाचली आहे ती चाचणी. २३ निवृत्त-वसाहती, ५३० माणसं, वर्षभर लोकनृत्य किंवा बॉलरूम, आणि पडण्यात घट नाही. आधी अनेकदा पडलेल्यांत उलट वाढ दिसली. पण नाचात तोलाच्या व्यायामाचे घटक घालून पुन्हा पाहावं, असं त्याच संशोधकांनी सुचवलं आहे, आणि माझा लेख अशाच नाचाबद्दल होता. जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१९चा आढावाही नाचाबद्दल खात्री देता येत नाही एवढंच म्हणतो. उपयोग नाही असं म्हणत नाही. तोलाचे व्यायाम पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी करतात, हेही त्यातच आहे. यावर आणखी वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, उठून उभं राहताच उतरणारा रक्तदाब: यांनीही माणूस पडतो, सगळं खरं. तो वेगळा विषय आहे.

राहिलं, वारंवार पडणाऱ्यांना मी ‘बेजबाबदारपणे नाचायला पाठवते’ हा तुमचा आरोप. अशांनी आधी डॉक्टरांकडे जावं आणि सुरुवात खुर्चीला धरूनच करावी, हे माझ्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही पोहोचला नसाल. वाचा, मग हवं तेवढं भांडा, उत्तर देईन. ज्येष्ठांबद्दलची भाषा मात्र हीच राहिली तर तुमची पुढची प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.