बाटलीतलं लाल पाणी आणि काकूंचं इंजेक्शन

कुत्रा चावल्यावर काकूंनी पहिलं इंजेक्शन मुकाट्याने घेतलं. दुसऱ्याला अडून बसल्या, कारण फॅमिली ग्रुपवर आलेला जुनाच फॉरवर्ड: ‘कोव्हॅक्सिन आणि रेबीजच्या लशीत २० दिवसांच्या वासराचं रक्त! सरकारनेच माहिती अधिकारात कबूल केलं. वासराचा डीएनए अंगात जातो. त्यापेक्षा जखमेवर हळद-मिरची लावा.’ सोबत लालभडक पाण्याच्या चपट्या बाटल्यांचा फोटो.

डोकं फिरलं ते त्या फोटोने. तो लाल रंग फिनॉल रेड नावाच्या रंगद्रव्याचा. लशीसाठीचा विषाणू पेशींतच वाढवतात, आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार द्यावे लागतात. या पोषक द्रावणाला मीडियम म्हणतात; फोटोतल्या बाटल्यांत तेच. अमेरिकी संशोधक हॅरी ईगल यांनी १९५९ मध्ये त्याची किमान यादी ठरवून दिली. पेशी वाढून आम्ल साचलं की हेच ‘रक्त’ नारिंगी होतं, मग चक्क पिवळं. मीडियम बदलायला झालंय हे त्यावरून कळावं म्हणून तर तो रंग घालतात.

बरं, वासराचं सीरम त्यात मिसळतात हे खरं आहे, बहुधा पाच-दहा टक्के. रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी म्हणजे सीरम. ते जनावराचंच, त्यावर कुणाचा आक्षेप असेल तर असो. सीरमविरहित मीडियमही आता मिळतात.

पण लशीत? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ जून २०२१ रोजीच कोव्हॅक्सिनबद्दल खुलासा केला होता. सीरम वापरतात फक्त व्हेरो पेशी, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या पेशी, वाढवायला. मग त्या अनेकदा धुतात, त्यांत विषाणू वाढवतात, त्यात पेशीच नष्ट होतात. विषाणू मारून शुद्ध केला जातो. ती ‘कबुली’ यातल्या पहिल्या पायरीची. पुढचं सगळं फॉरवर्डवाल्याने गिळलं. अंतिम लशीत सीरम ‘अजिबात नाही’ हे मंत्रालयाचं म्हणणं मला जरा ठाम वाटतं. पण रेबीजच्या लशीसह अशा लशींत गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती चालेल, याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाच डोसमागे ५० नॅनोग्रॅम आहे. एक ग्रॅम भरायला दोन कोटी डोस लागतील! काकूंच्या चहातल्या दुधात तेच अल्ब्युमिन याच्या कैकपट असतं. वासराचा डीएनए अंगात जातो या दाव्याबद्दल तर बोलायलाच नको.

हळद-मिरचीचा मात्र संताप येतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, वर काहीही थापायचं नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना लस घ्यायची. तारीख चुकली असेल तर आजच जा.