'पाठ्यपुस्तक उघडा' म्हणणाऱ्या 'जिज्ञासू' यांना

जिज्ञासू, तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा 'धन्यवाद, बघते' एवढंच टाकून गप्प बसणार होते. पण रात्री परत वाचली आणि डोक्यात गेली, म्हणून हे लांबण.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रानडुकरांमधल्या हिपॅटायटिस ई (लिव्हरला सूज आणून कावीळ करणारा) व्हायरसचा माग जनुकांवरून कसा काढतात यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की १) व्हायरसच्या जनुकातला तीनशे अक्षरांचा (म्हणजे साखळीतल्या तीनशे घटकांचा) तुकडा जुळला म्हणून रानडुकरातून माणसात आला असं सिद्ध होत नाही, २) अँटिबॉडी (शरीर व्हायरसविरुद्ध तयार करतं ती प्रथिनं) सापडणं आणि व्हायरस सापडणं यात मी गल्लत केलीय, ३) मांस नीट शिजवलं की प्रश्नच मिटतो, मग एवढा बाऊ कशाला. आणि शेवटी, 'मॅडम, जीनोमवर लिहिण्याआधी एखादं पाठ्यपुस्तक उघडलं असतं तर बरं झालं असतं.'

आधी या शेवटच्या वाक्याचं बोलू. चूक दाखवायची तर दाखवा ना, मी कुठे नाही म्हणतेय? पण चूक दाखवणं वेगळं आणि चारचौघांत कान धरणं वेगळं. तुमचे तीनही मुद्दे हे वाक्य न लिहिता सांगता आले असते. आणि ते 'मॅडम' आदराने आलेलं नाही हे कळण्याइतकं मराठी मलाही येतं.

एक चूक मात्र खरी आहे आणि ती मान्य. मी एके ठिकाणी 'व्हायरसचा डीएनए' लिहिलंय. हिपॅटायटिस ईचा जीनोम (म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती) आरएनएचा असतो, एकेरी धाग्याचा, साधारण ७२०० अक्षरांचा. घाईत झालं, दुरुस्त करते.

आता तो तीनशे अक्षरांचा मुद्दा. तुमच्या बाजूचं गणितही मीच करून देते, कारण तुम्ही ते केलेलं नाहीये. हा व्हायरस वर्षाला हजार अक्षरांमागे ढोबळमानाने एखादं अक्षर बदलतो. म्हणजे तीनशेच्या तुकड्यात एक बदल दिसायला तीनेक वर्षं जातात, त्यातून तुकडा जर जीनोमच्या फारशा न बदलणाऱ्या भागातला असेल तर आणखी जास्त. तेव्हा डुकराचा आणि पेशंटचा तुकडा शंभर टक्के जुळला तरी दोघांच्या मध्ये काही वर्षं आणि कितीतरी जनावरं असू शकतात. बरोबर? मग लोक एवढासा तुकडा घेतातच का? हौस म्हणून नाही घेत हो.

मी सात वर्षं लॅबमध्ये काढलीत, त्यातली तीन निव्वळ लिव्हरच्या तुकड्यांवर. शिकारीनंतर जनावर किती तास पडून होतं ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं, ट्यूबवरचं लेबल फ्रीजरच्या बर्फाने अर्धं पुसलेलं, आतला तुकडा तुरीच्या दाण्याएवढा, तो वितळायच्या आत कापायचा तर ब्लेडला चिकटून बसतो. एवढं करून आरएनए काढला की तो आधीच तुकडे तुकडे झालेला. त्यातून दोन हजार अक्षरांचा सलग पट्टा प्रती काढून वाढवायला जा, जेलवर (जिथे असे तुकडे रेघांसारखे, म्हणजे बँड म्हणून दिसतात) काहीच दिसत नाही. तीनशेचा येतो. एकदा तर ज्या ट्यूबमध्ये नुसतं पाणी होतं, तिच्यातही सुंदर बँड आला, म्हणजे कुठेतरी कंटॅमिनेशन, आणि आठवड्याचं काम मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे ते सांगा, उघडते.

आणि जिथे लांब पट्टा मिळाला तिथे काय दिसलं ते माझ्या लेखातच होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. जपानमध्ये २००३ साली हरणाचं कच्चं मांस खाल्लेल्या चौघांना हिपॅटायटिस ई झाला, उरलेलं मांस फ्रीजरमध्ये होतं, त्यातला व्हायरस आणि पेशंटमधला व्हायरस जुळला, आणि घरातल्या ज्यांनी ते मांस खाल्लं नव्हतं किंवा अगदी थोडं खाल्लं होतं त्यांना काही झालं नाही. मग २००५ साली तिथलीच रानडुकराच्या मांसाची केस छापून आली. तिथे ओआरएफ-२ हे अख्खं जनुक वाचलं, १९८० अक्षरं, आणि मांसातल्या व पेशंटमधल्या व्हायरसमध्ये फरक किती, तर एका अक्षराचा. यालाही योगायोग म्हणणार का?

तुम्ही म्हणाल, बाण कुठेय? डुकरातून माणसात की माणसातून डुकरात? की पाळीव डुकरातून दोघांत? तर बाण वंशवृक्षात नसतोच, हे मीही जाणते. वृक्ष फक्त सांगतो की कोण कोणाच्या जवळचा. बाण येतो बाहेरून, कोणी काय खाल्लं, कधी खाल्लं, किती आठवड्यांनी कावीळ झाली, त्या आवारात कोणती जनावरं फिरतात, यावरून. जीनोटाइप ३ आणि ४ (या व्हायरसचे दोन प्रकार) पाळीव डुकरांत, रानडुकरांत आणि माणसांत तिन्हीकडे सापडतात, त्यामुळे फ्रीजरमधलं मांस हाताशी नसेल तर नुसत्या तुकड्यावरून रानडुकराचंच नाव घेता येत नाही. मी तसं कधी म्हटलेलंच नाही. (आत्ता लेख परत उघडून बघितला. 'रानडुकरातून माणसात येतो हे सिक्वेन्सवरून दिसतं' असं एक वाक्य आहे खरं. पण मागचापुढचा संदर्भ धरून वाचलं तर अर्थ स्पष्ट आहे. तेवढंच उचलून नाचायचं असेल तर नाचा.)

अँटिबॉडीचं म्हणाल तर त्यावर अख्खा पॅराग्राफ आहे, की अँटिबॉडी म्हणजे जनावराला कधीतरी लागण होऊन गेली आणि आरएनए म्हणजे आत्ता अंगात व्हायरस आहे. परत टाइप करत बसणार नाही.

शिजवण्याचा विषय माझ्या लेखाचा नव्हताच. तरी, प्रयोगात व्हायरस पूर्ण निकामी करायला ७१ अंशांवर २० मिनिटं लागली होती, तेव्हा 'नीट शिजवलं' म्हणजे किती ते तुम्हीच ठरवा.

बाकी तुमच्या प्रतिक्रियेतल्या 'तज्ज्ञ असल्याचा आव' वगैरेला उत्तर देत नाही. कोणी किती वर्षं काय केलं ते वर लिहिलंय, तुमचं तुम्ही लिहा, मग बोलू.

ता.क. डीएनएचा आरएनए केलाय. दोन ठिकाणी होतं.