खापर आपल्या माथी फुटू नये म्हणून

नदीकाठची दहा एकर घेतलीत, छान केलंत. एनए झालं, लेआउट मंजूर झाला, फाट्यावरच्या बोर्डावर हसऱ्या कुटुंबाचा फोटोही चढला. आता उद्यापासून जेसीबी लागेल. त्याआधी चार गोष्टी कानावर घालतो. या धंद्यात जमिनीवर जेवढे विघ्नसंतोषी असतात त्याहून जास्त जमिनीखाली असतात, आणि खालच्यांना पाकीट चालत नाही.

तुमच्या गटाच्या मधोमध जो उंचवटा आहे ना, त्याचा रंग एकदा बघून घ्या आणि मग विसरून जा. चौफेर काळं रान आणि मध्येच राखाडी, पांढुरकं टेकाड. गावातली म्हातारी माणसं त्याला पांढरी म्हणतात. धाब्याच्या घरांवर टाकायला पिढ्यानपिढ्या तिथूनच माती गेली. तिथं कधीकाळी गाव वसलं, जळलं, पुन्हा वसलं आणि एक दिवस उठून गेलं. त्याची राख, पडक्या भिंतींची माती, चुलीतला कोळसा साचत साचत टेकाड झालं. प्रवरेकाठचं जोर्वे, नेवासे, दायमाबाद, घोड नदीवरचं इनामगाव ही उत्खननात सापडलेल्या जुन्या वस्त्यांची सगळी नावं अशाच पांढरीतून वर आली. हे तुम्ही ऐकलेलंच नाही. कुणी विचारलंच तर मुरमाड माळ आहे म्हणा. ब्रोशरात मात्र ‘नैसर्गिक उंचीवरचे प्रीमियम प्लॉट’ असं छापा, चौरस फुटाला शंभर रुपये चढ मिळतो.

कायद्याची धास्ती घेऊ नका, कायदा तुमच्या बाजूचा आहे. 1958 च्या पुरातत्त्व कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर नवं बांधकाम बंद आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगी घेऊन. पण त्यासाठी मुळात स्मारक संरक्षित लागतं. तुमचं टेकाड ना केंद्राच्या यादीत, ना राज्याच्या. यादीत नाही म्हणजे ते नाहीच. पर्यावरण मंजुरीची कटकट इमारतींना 20,000 चौरस मीटर बांधकामानंतर सुरू होते; तुम्ही तर नुसते प्लॉट पाडताय. तेव्हा सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीत तीन हजार वर्षांपूर्वी कोण राहत होतं, हे विचारणारा एकही कागद तुमच्या फायलीत नाही. खुशाल खणा.

विलायतेत वेगळाच कारभार. इंग्लंडात 1990 पासून बांधकामाच्या परवानगीलाच अट जोडण्याची रीत पडली: जागा संशयाची असेल तर खोदाई चालू असताना पुरातत्त्वाचा माणूस यंत्राशेजारी उभा राहणार, आणि त्याचा पगार बांधणारा देणार! बकेटही बिनदाती लावायची, माती पातळ थरांनी सोलायची, जमिनीचा रंग बदलला की हात वर करून ऑपरेटरला थांबवायचं, टेप लावायचा, फोटो काढायचा, चित्र काढायचं आणि मग पुढं. बहुतेक दिवस तो माणूस पावसात उभा राहून ‘काही आढळले नाही’ एवढंच लिहितो, आणि त्याचेही पैसे द्यायचे. आपल्याकडं असं काही सुरू झालं तर ग्रामीण भागाचा विकास कसा व्हायचा?

तरीही एखादा नवा उत्साही अधिकारी ‘खोदाईवर देखरेख ठेवा’ असं तोंडी म्हणून गेलाच, तर पुतण्याला नेमा. डिप्लोमा झालेला असतो, नुसताच हिंडत असतो. त्याला डोक्यावर पिवळी टोपी आणि बसायला निंबाखाली खुर्ची द्या. खड्ड्याकडं पाठ येईल अशा बेतानं खुर्ची मांडली की देखरेख नियमाप्रमाणे झाली.

खरी काळजी घ्यायची ती जेसीबीच्या ऑपरेटरची. साइटवर सगळं पाहणारा तो एकटाच. मातीचा पोत बदलला, बकेट अडखळली, काळ्या मातीत एकदम राखेचा पट्टा लागला, हे इंजिनिअरच्या आधी त्याला कळतं. तेव्हा त्याला तासावर ठेवू नका, खेपांवर ठेवा. खेपेला पैसे मिळणारा माणूस खाली वाकून बघत नाही. बकेटला दात हवेतच. आणि शक्यतो रात्री चालवा. दिव्याच्या उजेडात राख, चुना आणि मुरूम एकाच रंगाचे दिसतात.

रस्त्यांचं काम सोपं असतं, फूटभर सोलून खडी अंथरली की विषय संपला. घात होतो तो ड्रेनेजच्या चरात. चार-पाच फूट खोल सरळ चर मारला की त्याच्या भिंतीत चपातीचे पदर सुटावेत तसे थर दिसायला लागतात. वर नांगरट, खाली राख, तिच्याखाली चोपून केलेली जमीन, पुन्हा राख. जमिनीत मध्येच हातभर अंतरावर काळे गोल, घराचे मेढे जिथं रोवले होते तिथले. सकाळी चर मारून दुपारच्या आत पाइप टाकून बुजवला तर त्रास नाही. रात्रभर उघडा ठेवाल तर उन्हाच्या तिरिपीत कुणाला तरी दिसेल.

आणि तिथंच दोन मडकी लागतील. आडवी, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली नीट निजवल्यासारखी. बकेटच्या दातानं एक फुटेल. आत माती आणि बोटाएवढी हाडं. मुकादम म्हणेल, “करणी केलीय कुणीतरी, मालक.” त्याला विरोध करू नका. नारळ फोडा, लिंबू उतरा, मडकी ढिगाऱ्यात लोटा. इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्या लोकांनी 1968 पासून कित्येक हंगाम बसून अशीच मडकी ब्रशनं साफ केली. त्यातून कळलं काय, तर तीन हजार वर्षांपूर्वी माणसं आपली गेलेली तान्ही लेकरं घरातच, पायाखालच्या जमिनीत पुरत होती. आता हे ज्याला कळेल तो त्यावरचा प्लॉट घेईल का? तुम्हीच सांगा.

लाल खापरावर काळ्या रेघा दिसल्या तर उचलू नका. उचललंच तर टिचकी मारू नका. जोर्व्याच्या धाटणीचं, त्या काळातलं भाजकं खापर असेल तर खणकन वाजतं आणि चार माणसं माना वळवतात.

मूर्ती निघाली तर मात्र घाबरायचं कारण नाही, उलट ती तुमची लॉटरी. तासाभरात शेंदूर लावा, दुसऱ्या दिवशी पत्र्याचं शेड, महिन्यात कळस. ‘स्वयंभू’ म्हटलं की ती कुठल्या खोलीवर, कशाशेजारी, कुठल्या पायावर होती हे विचारायची कुणाची छाती होत नाही. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, निघाला तर पायरीला चालतो, लांबी बरोबर येते. कोकणात साइट असेल तर गधेगळ निघू शकतो, आणि तो तेवढा पालथा घाला. शिलाहार राजांच्या काळात दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्यासाठी त्यावर गाढवाची शिवी दगडात कोरून ठेवलेली असते. ग्राहकासमोर ते बरं दिसत नाही.

आता सोनं. इथं सरकार जागं आहे. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा 1878 चा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नाहीतर वर्षभराची कैद होऊ शकते. 2022 साली पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीत मजुरांना 216 सोन्याची नाणी मिळाली होती. ती शेवटी पोलिसांनी जप्त केली. राख, खापर, जळके जव, लेकरांची हाडं यांची बाजारात किंमत शून्य, म्हणजे दहाच्या आत. एवढा व्यवहारी कायदा दुसरा नाही.

दायमाबादचं उदाहरण देऊन कुणी तुम्हाला लाजवायला येईल. 1974 साली तिथं एका गावकऱ्याला झुडपाचं खोड उकरताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, सगळे मिळून साठ किलोंच्या वर. केवढा ठेवा! पण कुठल्या थरात होते, शेजारी काय होतं, हे काढताना बघायला जाणकार कुणी नव्हतं. म्हणून ते हडप्पाच्या काळातले की बरेच नंतरचे, यावर विद्वान वाद घालत बसलेत. याचा अर्थ समजून घ्या. नोंद ठेवली असती तर वाद लवकर मिटला असता आणि किती परिसंवाद बुडाले असते! तुम्ही नोंद न ठेवून विद्येची सेवाच करताय.

सर्वांत धोकादायक प्राणी म्हणजे गावातला शाळामास्तर. सुट्टीत ढिगाऱ्यावरून मान खाली घालून हिंडतो, पिशवीत खापरं भरतो, कागदावर तारीख टाकतो. हसू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका गृहस्थांनी असंच आयुष्यभर गोळा केलं आणि त्याचं पुढं सरकारी वस्तुसंग्रहालय झालं. मास्तरला हाकललंत तर तो पेपरात जाईल. त्याला स्टेजवर घ्या, शाल-श्रीफळ द्या, प्रकल्पाला नाव सुचवायला सांगा. ‘सातवाहन हिल्स’ असं काहीतरी तो सुचवेल. ते लावा. कमानीला सिमेंटचे हेमाडपंती खांब करा.

टेकाडाची माती वाया घालवू नका. हायवा भरून रस्त्याच्या भरावाला द्या, उरली तर दहा किलोमीटरवरच्या एखाद्या खडकाळ रानात पसरा. पुढं कधीतरी एखादा पीएचडीचा पोरगा त्या रानात येईल, जिथं कधी चिटपाखरू राहिलं नाही तिथं जोर्व्याची खापरं वेचेल आणि नवीन स्थळाचा शोध लागला म्हणून निबंध लिहील. पोराचं कल्याण होईल.

राहता राहिलं भूमिपूजन. गुरुजी पायात तांब्याचा कलश, चांदीचा नाग, पंचरत्नं ठेवायला सांगतील. फोटोग्राफर चांगला बघा. कोपऱ्यावरून टेप लावून जागा मोजून घ्या, खोली लिहा, कोणत्या वस्तू ठेवल्या त्यांची यादी करा, तारीख टाका, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. तुमच्या दहा एकरांत कोणती वस्तू कुठं आणि किती खोल होती याची तेवढी एकच नोंद होणार आहे, तर ती तरी व्यवस्थित होऊ द्या. नाग चांदीचाच घ्या, पण हलका. दहा रुपयांच्या वर जातोच तो, आणि आजूबाजूला मजूर असतात.