हवा काढली का, एवढंच विचारलं होतं

"टाकी फुल आहे मालक." हे वाक्य यापुढं कुणी माझ्यासमोर बोललं तर माझं डोकं फिरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या टी-थ्रीचा, म्हणजे फोक्सवॅगनच्या जुन्या, मागं इंजिन असलेल्या व्हॅनचा, एक होज पाइप फुटला म्हणून गाडी बीडच्या एका गॅरेजात लावली. पाइप त्यानं बरोबर बदलला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सगळं सांडलेलं, सोळा-सतरा लिटरचा कारभार. म्हणून मी समोर उभा राहून एकेक गोष्ट सांगितली. गाडी पुढून हातभर उचला. हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवा. पुढच्या जाळीमागं रेडिएटरच्या डोक्यावर अडकलेली हवा काढायचा स्क्रू आहे, तो ढिला करा. एकानं दोन हजारावर रेस धरायची, दुसऱ्यानं मागं इंजिनाजवळच्या टाकीत ओतत राहायचं, आणि स्क्रूतून बुडबुड्याशिवाय सलग धार आली की मगच आवळायचं.

"एप्रिलात हीटर? मालक, गाडी थंड करायचीय का गरम?" आणि पोरं फिदीफिदी हसली.

मी बँकेचं काम उरकून आलो तर मागचं झाकण लावून गाडी तयार. हवा काढली का? "काढली ना." गाडी उचलली होती का? "सगळं केलं मालक, टाकी फुल आहे." तोंडावर, डोळ्यात बघून खोटं बोलला.

तुळजापूरला निघालो होतो, घरची सगळी मंडळी गाडीत. मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो, तापमानाचा काटा एकदम शांत. मला तिथंच शंका आली. भर उन्हात एवढी भरलेली गाडी चढावर आणि काटा हलत नाही? हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावरच चालतो, तो चालू केला तर थंडगार वारा. झालं, समजलो. सेन्सर पाण्यात नाही, हवेत बसलाय. रेडिएटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, म्हणून फॅनचा स्विचही झोपलेला. गाडी बाजूला घेईपर्यंत मागून वाफ आणि तो उकळलेला वास.

इंजिन मागच्या टोकाला, रेडिएटर पुढच्या टोकाला, मधे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप. मागची टाकी काठोकाठ भरली म्हणजे पुढं पाणी पोचलं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? पंप पाणी ढकलतो, हवा ढकलत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, अॅल्युमिनियमचं. त्याच्याभोवतीची रबरी सील एकदा गेली की इंजिन उतरवा, आणि पार्ट इथं बीडमधे तर सोडाच, मुंबईतही सांगून मागवावा लागतो.

चढावर गाडीचं तोंड वरच होतं, तेवढं एक बरं. पूर्ण गार होऊ दिली. सासूबाई, पोरं लिंबाच्या सावलीत बसलेली, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून "गार पाणी मारा इंजिनवर" सांगणारा. मारा म्हणे! तापलेल्या हेडवर गार पाणी! एक शहाणा तर म्हणाला, मागं इंजिन आहे म्हणजे हिला पाणी लागतच नसतं. अरे, 1979 साली टी-थ्री आली तेव्हा इंजिन हवेवर थंड व्हायचं, पेट्रोलवाली 1982 पासून पाण्यावर आली, मधे इतका काळ गेला! मेव्हण्यानं रेस धरली, मी पुढून जाळी काढून स्क्रू ढिला केला. आधी फुस्स करून हवा, किती वेळ नुसती हवाच, मग फेस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग हवा, आणि शेवटी धार. पाच लिटरचा कॅन जवळजवळ अख्खा पोटात गेला. म्हणजे एवढी हवा घेऊन यानं मला घाटात पाठवलं होतं, लेकराबाळांसकट.

आणि धार कसल्या रंगाची? गढूळ. कूलंटचे पैसे लावलेत आणि आत बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी पातेल्यात उकळलं तरी पांढरा थर धरतं, ते त्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सोडलं.

फोन लावला. तर म्हणे, "टाकी फुल होती मालक. आणि काळजी करू नका, थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता गरम होणारच नाही."

कुणी सांगितलं होतं? इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप ती. हा रोग सगळ्यांना आहे. ज्याच्याकडं जा तो थर्मोस्टॅट काढून फेकतो, फॅन डायरेक्ट, म्हणजे कायम चालू, करून देतो आणि वर उपकार केल्यासारखं सांगतो. अरे, थर्मोस्टॅटशिवाय इंजिनाला तापमानाला यायलाही वेळ लागतो, तोवर पेट्रोल पितं, ते कोण भरणार? ज्यानं ही गाडी बनवली त्यानं तो पार्ट हौस म्हणून बसवला काय?

दर्शन झालं, रात्री हळूहळू परत आलो. रविवारी सगळं पाणी काढतो, डिस्टिल्ड पाण्यानं आतून धुतो, नवीन कूलंट भरतो आणि हवा मीच काढतो. त्याआधी उद्या सकाळी त्या गॅरेजात जाऊन माझा थर्मोस्टॅट आणि कूलंटचे पैसे परत मागणार आहे. पार्ट भंगारात टाकला असेल तर त्याचेही घेणार, सोडणार नाही.