नोट्सचं ॲप निवडताना आधी एक्स्पोर्ट बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मॅक घेतायत, नाहीतर आहे त्याच मशीनवर लिनक्स टाकतायत. मग विचारणा होते, "तिकडे नोट्ससाठी सगळ्यात चांगलं ॲप कुठलं?"

मी उलट विचारते, आज नोट्स ज्यात आहेत, त्यातून त्या बाहेर कशा काढणार? आणि नव्या ॲपमधून पुन्हा काढायची वेळ आली तर? याचं उत्तर मिळेपर्यंत फीचर्सची तुलना करत बसण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

ईमेल, कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर यांचे फॉरमॅट सगळीकडे चालतात. नोट्सचं तसं नाही. वननोटच्या पानावर कुठेही क्लिक करून लिहिता येतं, नोशनमध्ये प्रत्येक परिच्छेद हा वेगळा ब्लॉक असतो. एव्हरनोटमधून एक्स्पोर्ट केल्यावर मिळणाऱ्या ईएनईएक्स फाइलमध्ये मजकूर, टॅग, तारखा, जोडलेल्या फाइल्स येतात, पण नोटबुकचं नाव येत नाही. म्हणून एकेक नोटबुक वेगळं एक्स्पोर्ट करा. नोशनचा डेटाबेस सीएसव्ही, म्हणजे साधा तक्ता होऊन बाहेर पडतो आणि मेहनतीने लावलेले व्ह्यू, म्हणजे तो बघायच्या वेगवेगळ्या मांडण्या, मागेच राहतात. एका नोटमधून दुसरीला दिलेल्या लिंक तर बहुतेक वेळा तुटतात.

शिवाय नियम कधीही बदलतात. डिसेंबर २०२३ मध्ये एव्हरनोटने फुकट खात्यांना ५० नोट्स आणि एक नोटबुक एवढीच मर्यादा घातली. उद्या दुसरी कुठलीही कंपनी हेच करू शकते.

म्हणून माझी पसंती साध्या फाइल्सना. मार्कडाउन, म्हणजे शीर्षक, यादी वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणारा टेक्स्ट फॉरमॅट, २००४ पासून आहे आणि कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतं. ऑब्सिडियन तुमच्याच फोल्डरमध्ये मार्कडाउन फाइल्स ठेवतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते बंद पडलं तरी फोल्डर तुमच्याकडेच. जॉप्लिन ओपन सोर्स आहे, ईएनईएक्स थेट घेतं, पण नोट्स स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. ॲपल नोट्स वापरायला सुरेख, मात्र विंडोजवर ब्राउझरमधूनच उघडावं लागतं.

साध्या फाइल्समध्येही खाचखळगे आहेतच. लिनक्सवर "मीटिंगमध्ये काय ठरलं?" नावाची फाइल बिनदिक्कत तयार होते, विंडोजला नावातलं प्रश्नचिन्ह चालत नाही. ऑब्सिडियनमध्ये प्लगइनच्या (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या) भरवशावर रचलेल्या याद्या दुसऱ्या एडिटरमध्ये नुसता कोड म्हणून दिसतात.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी. "कर्मचाऱ्यांची यादी" यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. प्लॅटफॉर्मबरोबर कीबोर्ड बदलतो आणि आपण नकळत दुसऱ्या प्रकाराने लिहायला लागतो. मग जुनी नोट समोर असूनही सर्चमध्ये सापडत नाही. असं झालं, तर एका एडिटरमधून सगळ्या फाइल्समध्ये फाइंड-रिप्लेस करता येतं. हेही फाइल्स आपल्या हातात असतील तरच!

ॲप पक्कं करण्याआधी तुमची सगळ्यात किचकट नोट घ्या. जिच्यात टेबल आहे, फोटो आहे, पीडीएफ जोडलीय, दुसऱ्या नोटची लिंक आहे. ती नव्या ॲपमध्ये न्या आणि तिथून पुन्हा एक्स्पोर्ट करून बघा. काय काय गळलं ते तिथल्या तिथे कळेल.

पेनने लिहिणाऱ्यांना मात्र मी मार्कडाउन सुचवणार नाही, हाताने काढलेल्या आकृत्या त्यात बसतच नाहीत. त्यांनी खुशाल वननोट घ्यावं. विंडोज, मॅक, आयपॅड, अँड्रॉइड सगळीकडे आहे, लिनक्सवर ब्राउझरमध्ये चालतं. फक्त महत्त्वाच्या पानांची पीडीएफ अधूनमधून काढून वेगळी ठेवत जा.