सत्ताधारी आमदारानं प्रश्न विचारला तर एवढं नवल काऊन?

हिवाळी अधिवेशन लागलं की नागपूरकराला दोनच गोष्टींची पडलेली असते. सिव्हिल लाइन्सचा कोणता रस्ता बंद आहे, आणि आजचा मोर्चा टेकडी रोडवर अडवला की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर. आत विधानभवनात काय झालं ते आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो. त्यात एक मथळा दरवर्षी ठरलेला : 'सत्ताधारी आमदाराचा सरकारला घरचा आहेर'.

मला या मथळ्याचाच राग येतो. कोणी आमदार उभा राहून आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला विचारतो की धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, का अडकले, की पुलाचं काम तीन वर्षांपासून का रखडलं. बाहेर आला की त्याच्यासमोर माइक : "नाराज आहात का? मंत्रिपद हुकलं म्हणून का?" चुकारे राहिले बाजूला, पुलाचं तर नावच नाही.

अरे बाप्पा, त्याचं कामच ते आहे! राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. विरोधी पक्षाला नाही, विधानसभेला. म्हणजे २८८ जणांच्या सभागृहाला. २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या १५ टक्क्यांवर थांबवली, म्हणजे मुख्यमंत्री धरून फार तर ४३. उरलेले दोनशे चाळीसच्या वर आमदार सरकार नाहीत. सरकारला पाठिंबा देणारे असतील, पण सरकार नाहीत. सत्ताधारी बाकावर बसलं म्हणजे आपण सत्तेत आहोत, हा समज आमदारांनी करून घेतला, आणि आपणही तो मान्य करून टाकला.

२०२४ च्या निवडणुकीनंतर तर हे जास्तच जाणवतं. महायुतीचे २३० च्या वर आमदार. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्क्यांचा संकेत आहे, म्हणजे २९. तेवढे एकाही विरोधी पक्षाकडे आले नाहीत. अशा सभागृहात फक्त विरोधकांनीच विचारायचं म्हटलं तर विचारणार किती जण, आणि किती खात्यांबद्दल?

त्या वर्षीचं आपलं अधिवेशन आठवा. १५ डिसेंबरला इथल्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. १६ ते २१ अधिवेशन चाललं. खातेवाटप जाहीर झालं २१ तारखेला, अधिवेशन आटोपल्यावर. आता सांगा, कोणत्या मंत्र्याला कोणत्या खात्याचं विचारायचं? १९५३ च्या नागपूर करारात सरकारनं काही काळ इथं यावं, वर्षातून एक अधिवेशन विदर्भात घ्यावं असं ठरलं, ते विदर्भाचं गाऱ्हाणं समोरासमोर ऐकलं जावं म्हणूनच. मंत्री आले, गाड्यांचे ताफे आले, खाती तेवढी आली नाहीत.

प्रश्न विचारण्यात ताकद किती असते हे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असा प्रश्न. त्याचा साचा ठरलेला : अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरही ठरलेलं : 'हे अंशतः खरे आहे', आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही'. हे छापील उत्तर खात्यातले अधिकारी तयार करतात, मंत्री पुढं सरकवतो. खरी कुस्ती उपप्रश्नात, म्हणजे त्या उत्तरावर उभं राहून तिथल्या तिथं विचारलेल्या प्रश्नात. तिथं अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी यायला वेळ लागतो, आणि समोरच्यानं जीआर वाचलेला असेल तर मंत्र्याला 'माहिती घेऊन सांगतो' यापलीकडं जागा राहत नाही. त्या आश्वासनाची पुढं नोंद होते, आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते.

या कामात आपल्या विदर्भाचं नाव मोठं होतं. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून ३० वर्षं विधान परिषदेत होते. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजून दिला, पण तो कागद मंत्र्यांच्या टेबलावर पुन्हा पुन्हा ठेवायला असा माणूस लागला. नियमांचं पुस्तक आणि आकडे, एवढ्यावर त्यांनी किती सरकारांना बोलतं केलं.

आता वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण घ्या. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, सुरुवातीचा खर्च ३७२ कोटी. तो पुढं हजारो कोटींत गेला आणि कालव्याचं पाणी मात्र वाट पाहायला लावत राहिलं. या काळात सगळे पक्ष सत्तेत येऊन गेले. सिंचनाच्या वादात अजित पवारांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात ते परत उपमुख्यमंत्री झाले. तेव्हा विरोधी बाकावरून देवेंद्र फडणवीस सिंचनावर तुटून पडत होते. पुढं दोघं एकाच मंत्रिमंडळात बसले. मी कोणाला नावं ठेवत नाही, राजकारण आहे. पण प्रश्न पक्षाच्या मालकीचा ठेवला की पक्षांनी हात मिळवले त्या दिवशी तोही मिटतो. पवनी-भिवापूरकडच्या शेतकऱ्याचा प्रश्न कसा मिटेल?

काही जण म्हणतील, बोलला तर आमदारकी जाईल. नाही जात. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा पक्ष सोडला, किंवा व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडून मतदान केलं की मतदानाला दांडी मारली, तर आड येतो. प्रश्न टाकल्यानं, तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना लावल्यानं कोणी अपात्र ठरत नाही. अडचण दुसरीच आहे. निधीची फाइल त्याच मंत्र्याकडं, बदलीचं पत्र त्याच मंत्र्याकडं, आणि पाच वर्षांनी तिकीटही वरच्यांच्याच हातात. मग कोण तोंड उघडतो! प्रश्न टाकून नंतर सेटिंग होते अशी कुजबुजही असतेच, म्हणून विचारणारा प्रत्येक जण हरिश्चंद्र आहे असं मी म्हणत नाही. आणि मार्च २०२३ सारखंही होतं : लक्षवेधी लागलेल्या, आमदार हजर, मंत्रीच गायब. तेव्हा खुद्द उपमुख्यमंत्र्यांना सभागृहात दिलगिरी व्यक्त करावी लागली.

आणि आपण? आपण आमदाराकडं जातो ते गल्लीत गट्टू लावून द्या म्हणून. समाजभवन द्या, ग्रीन जिम द्या. ही कामं बहुतेक महापालिकेची. पण गट्टूसोबत बोर्ड लागतो, उपप्रश्नाचा बोर्ड कोण लावणार? विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या याद्या असतात. आपल्या आमदाराचं नाव त्यात शोधून पाहा एकदा. सापडलं तर त्याच्या प्रश्नाला काय उत्तर आलं तेही वाचा.

मी आमच्या वस्तीतल्या एका कार्यकर्त्याला सहज विचारलं, साहेबांनी या अधिवेशनात काय विचारलं? तो माझ्याकडं पाहतच राहिला. म्हणाला, "काका, प्रश्न तर विरोधक विचारतात. आपले साहेब सरकारमध्ये आहेत ना." साहेब मंत्री नाहीत, एखादं महामंडळही नाही त्यांच्याकडं. तसं सांगितलं, तर त्याला साहेबांचा अपमान केल्यासारखं वाटलं.