रूम टेंपरेचर, पण कोणाच्या रूमचं?

मे महिन्यात नागपुरात पाहुणा येतो तो एकतर लग्नाला, नाहीतर गेल्या जन्मीचं काही फेडायला. माझा भाचा पुण्याहून आला तो आम्हाला सुधारायला. टॉवेलात गुंडाळलेली नाशिककडची रेड वाइन त्याने बॅगेतून इतकी अलगद काढली की आमची ही हात पुसत बाळ घ्यायलाच पुढे झाली.

"मामा, आज पिझ्झा आणि वाइन. पेअरिंग!"

आमच्याकडे पेअरिंग म्हणजे पोहे आणि तर्री. त्या जोडप्याचं आजवर कधी बिनसलेलं नाही.

शास्त्र मात्र त्याचं पक्कं होतं. टोमॅटोचा सॉस आंबट, म्हणून वाइनमध्येही आंबटपणा हवा, नाहीतर सॉसपुढे ती पाणचट लागते. वाइनचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, चीजच्या तुपकटपणावर उतारा. टस्कनीतली कियांती, सांजोव्हेझे नावाच्या द्राक्षाची, यासाठी नावाजलेली. हे सगळं सांगून झाल्यावर, मुलगी पसंत पडल्यावर नवऱ्या मुलाचं खरं वय सांगतात तशा आवाजात तो म्हणाला, "तसे इटलीत खूप लोक पिझ्झ्यासोबत बिअरच पितात."

मग हिला ताकीद. "मामी, रेड वाइन फ्रीजमध्ये नाही हां ठेवायची. रूम टेंपरेचर!"

बाहेर ४४. खोलीत कूलर सकाळपासून चालू, तरी ३३.

"रूम टेंपरेचरले ठेवली तर काढा होईन न बाप्पा तिचा," ही म्हणाली.

मोबाइलवर शोधल्यावर उलगडा झाला. ती रूम आपली नव्हेच! हा नियम युरोपातल्या जुन्या, हीटर नसलेल्या घरांवरून पडलेला. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आमच्याकडे एवढं थंड झालं की माणसं कानटोपी घालून शेकोटीपाशी बसतात, त्यांना वाइन कुठली सुचायला?

इथे माझ्यातला नागपूरकर जागा झाला. म्हटलं, बाटली कूलरच्या टाकीत सोडू. माठ काय आणि कूलर काय, तत्त्व एकच: पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. आमची हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे टाकीतलं पाणी भर उन्हाळ्यातही खोलीपेक्षा चांगलंच गार असतं. (मुंबईकरांना हे पटायचं नाही. त्यांच्या दमट हवेत कूलर म्हणजे घाम ढवळायचं यंत्र.) भाचा नाक मुरडत होता, पण बाटली टाकीत उभी राहिली. वाळ्याचा वास लागला तर वाइनवाले ज्यांना 'नोट्स' म्हणतात त्या वासाच्या छटा फुकटात मिळतील, असंही मी त्याला सांगितलं.

तेवढ्यात हिचे भाऊ वर्ध्याहून आले. त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी. टाकीतली बाटली पाहताच त्यांनी आधी उठून दाराची कडी लावली, मग विचारलं, "काय करून राहिले भाऊजी?"

पिझ्झा आला. बाटली बाहेर काढली तर नागडी. लेबल कुठे गेलं याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही, कारण सगळे बुचाकडे पाहत होते. ओपनर घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. एक लांब स्क्रू, पकड, माझं ढोपर आणि भाच्याची हाय हाय एवढं खर्ची पडून बूच शेवटी आतच गेलं.

मेव्हण्यांनी मार्गारिटाचा एक घास खाल्ला आणि ताटलीकडे दवाखान्यातल्या जेवणासारखं पाहिलं. "चवच नाही न याले. कालचा सावजी रस्सा आहे का, ताई?" होता. ताईने तो गरम करून, चीज बुडेल इतका, सगळ्यांच्याच तुकड्यांवर वाढला. टोमॅटो, तुळस, मोझरेला यांच्या डोक्यावरून काळ्या मसाल्याचं तेल वाहू लागलं. त्यावर मी वाइनचा मोठा घोट घेतला.

जिभेवर कोणीतरी रॉकेल ओतलं.

"मामा, तिखटावर टॅनिन नको! अल्कोहोलने आग वाढते! याच्यासोबत थंड, गोडसर व्हाइट पाहिजे होती!" भाचा ओरडला. हे लोक शास्त्र नेहमी घोटानंतर सांगतात. मेव्हणे मात्र शांतपणे मठ्ठा पीत होते.

आणि नेमका तेव्हाच कूलरचा आवाज बदलला. पंखा फिरत होता, पण टट्ट्यांवर पाण्याचा थेंब नाही. पाच मिनिटांत खोलीत बाहेरची लू जशीच्या तशी यायला लागली. उरलेली रेड वाइन आम्ही रूम टेंपरेचरलाच संपवली.

दुसऱ्या दिवशी कूलरवाला आला. टाकीत कोपरापर्यंत हात घालून त्याने पंपाच्या जाळीतून एक लगदा झालेला कागद चिमटीत काढला आणि उजेडाकडे धरला.

"साहेब, हे याच्यातच होतं. वरतं १६ ते १८ लिहून आहे." मग पंख्याच्या पात्यांकडे पाहत म्हणाला, "बरोबर आहे. तुमचा १८ इंचीच आहे न."